सुटायला तिथवर पोचावं लागतं

मस्कतमधला उन्हाळा संपला हे मला आधी कळतं ते गाडीच्या स्टिअरिंगवरून. मे महिन्यापासून ते दुपारी हातात धरवत नाही. रुमाल गुंडाळून, नुसत्या बोटांनी गाडी वळवत घरी जायचं. मग ऑक्टोबरातल्या एका दुपारी रुसैलच्या गोदामातून बाहेर पडतो, गाडी रस्त्यावर आणतो, आणि बरंच पुढे गेल्यावर लक्षात येतं की रुमाल खिशातच राहिलाय. समुद्राकडून येणारी चिकट ओल गेलेली असते. उन्हाळाभर धुरकट पडद्यामागे दडलेले डोंगर कडा कोरून काढल्यासारखे उभे असतात. आणि माझ्या पोटऱ्यांत काहीतरी हलायला लागतं.

त्रेचाळीस वर्षांच्या माणसाच्या पोटऱ्यांत काही हलू नये, असं लोकांचं मत आहे. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कुणीतरी हमखास विचारतं, "विल्सन, अजून खेळतोस?" त्यातला 'अजून' ते जरा लांबवतात. मी हो म्हणतो. पुढचा प्रश्न गुडघ्यांबद्दल असतो. गुडघे ठीक आहेत, असं सांगून मी चहाच्या टेबलाकडे वळतो. ठीक नाहीत, पण ते माझं आणि गुडघ्यांचं बघून घेऊ.

मी आउटफिल्डर आहे. म्हणजे माझ्या व्हिसावर स्टोअरकीपर लिहिलंय, आणि स्टोअरकीपर म्हणूनही मी वाईट नाही. पण कुणी मला झोपेतून उठवून विचारलं की तू कोण, तर तोंडातून पहिला शब्द तोच येईल. बेसबॉलमध्ये लांब मागे, जिथे गवत संपत आलेलं असतं, तिथे तिघंजण उभे असतात. त्यांतल्या मधल्याला सेंटर फिल्डर म्हणतात. त्याला सगळ्यांत मोठा मुलूख राखायचा असतो, म्हणून टीममधला सगळ्यांत वेगवान माणूस तिथे लावतात. त्यानं "माझा" अशी हाक दिली की डावीउजवीकडच्यांनी बाजूला व्हायचं, असा नियम आहे. कुणाच्या मानापानाचा प्रश्न नाही. जो पोचू शकतो त्याचा बॉल.

वसईत आमच्या कॉलेजला क्रिकेटसाठी माणसं उतू जात होती आणि बेसबॉलला कुणी नव्हतं. बेसबॉल शिकवणाऱ्या लोपीस सरांनी मला बस पकडायला पळताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी हातात एक जुना ग्लव्ह दिला. त्याला कुणाकुणाच्या घामाचा वास येत होता. मैदानाच्या एका अंगाला केळीची बाग होती, दुसऱ्या अंगाला मोगऱ्याचा मळा. बॉल मोगऱ्यात गेला की मळेवाली बाई ओरडायची, आणि आम्ही परत यायचो ते अंगाला वास घेऊन. सर बॅटनं उंच बॉल मारायचे आणि मी त्याच्याकडे बघत उलटा पळायचो, धडपडायचो.

"बघत पळतोस म्हणून हळू पळतोस," सर म्हणाले. "आवाज ऐक. आवाजावरनं कळतं कुठे चाललाय. मग पाठ फिरव आणि जा. पोचल्यावर वर बघ."

"आणि तो तिथे नसला तर?"

"नसला तर नसला. तू तरी असशील."

डोक्यावरून जाणाऱ्या गोष्टीकडे पाठ फिरवून जिवाच्या आकांतानं पळायचं, हे शिकायला मला अख्खा एक पावसाळा लागला. चिखलात पळायचो, मळ्याच्या बांधावर आपटायचो. मग एके दिवशी पाठ फिरवली, पळालो, मान वळवली, तर बॉल तिथे होता. जणू आम्ही भेटायचं ठरवून आलो होतो. त्या क्षणाची सवय लागली. राज्याच्या टीमकडून चार-पाच वर्षं खेळलो ते त्या सवयीपोटी. बेसबॉलवर आपल्याकडे कुणाचं घर चालत नाही, हे घरात सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं.

माझं मात्र चाललं, तेही क्रिकेटमुळे. ओमानमधल्या कंपन्यांच्या क्रिकेट टीम असतात. कागदावर माणूस सेल्समन असतो, ड्रायव्हर असतो, पण त्याला आणलेलं असतं खेळायला. सकाळी काम, दुपारनंतर नेट, शुक्रवारी मॅच. आमच्या कंपनीचे तेव्हाचे टीम मॅनेजर सुट्टीवर वसईला आले असताना त्यांनी मला टेनिस बॉलच्या एका स्पर्धेत पाहिलं आणि मॅचनंतर बोलावून घेतलं.

"बॅटिंग कितव्या नंबरला?"

"दहाव्या."

"बोलिंग?"

"नाही टाकत."

"मग करतोस काय?"

"पळतो," मी म्हणालो.

ते बराच वेळ हसले. आणि घेऊन गेले मला.

तेव्हाची इथली मैदानं म्हणजे खडीमातीची सपाटी, मधे सिमेंटच्या पट्ट्यावर अंथरलेली मॅट, आणि चुन्यानं आखलेली सीमारेषा. गवताचं पातं नाही. डाइव्ह मारली की कोपराची साल तिथेच राहायची. मी मारत होतो. पुढे पुढे असं झालं की बॉल माझ्या बाजूला आला की बॅट्समन दुसरी रन घ्यायचेच नाहीत. अर्ध्यात येऊन थांबायचे, माझ्याकडे बघायचे, परत जायचे. धावफलकावर ती न घेतलेली रन कधी दिसत नाही. पण आमचे कॅप्टन तारिकभाई, लाहोरकडचा दणकट माणूस, प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून टोपीला हात लावायचे. त्यांना दिसत होतं, एवढं मला पुरत होतं.

ऑक्टोबर आला की मला आठवतो तो मात्र यांतला एकही चांगला हंगाम नाही. मला आठवतो सगळ्यांत वाईट.

त्याच्या आदल्या वर्षी मांडीमागचा स्नायू फाटला होता. उन्हाळाभर तो जपला, शेकला, हळूहळू पळता केला. ग्लोरिया, माझी बायको, कुरुममधल्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. ती संध्याकाळी सुटली की आम्ही कुरुमच्या किनाऱ्यावर जायचो. ती आमच्या मुलीला, मिशेलला, वाळूत खेळवायची आणि मी ओल्या वाळूच्या कडेनं पळायचो. सप्टेंबरपर्यंत पाय जवळजवळ पहिल्यासारखा झाला होता. त्याच सुमाराला जुने मॅनेजर गावी परत गेले आणि त्यांच्या जागी प्रधानसाहेब आले. पुण्याचे, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, क्रिकेटची खरीखुरी आवड असलेले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"विल्सन, गेम बदललाय. आता मला दोन-दोन कामं करणारी माणसं पाहिजेत. बॅटिंग आणि बोलिंग, नाहीतर कीपिंग आणि बॅटिंग. तू एकच करतोस."

"पण ते चांगलं करतो, सर."

"करायचास," ते म्हणाले.

आवाज मऊच होता. मी बाहेर आलो, गोदामात गेलो, फोर्कलिफ्टच्या बाजूला उभा राहिलो, आणि तो शब्द कानातून जाईना. करायचास. आपल्या भाषेत एवढ्याशा शेपटीनं माणूस भूतकाळात टाकता येतो. त्याला निवृत्त व्हायची, भाषण करायची, हार घालून घ्यायचीही संधी मिळत नाही. तो केबिनमध्ये जातो तेव्हा आउटफिल्डर असतो, बाहेर येतो तेव्हा नसतो.

त्या हंगामात मी बारावा होतो. बारावा म्हणजे पाण्याच्या बाटल्या नेणारा, ग्लव्ह बदलून देणारा. कुणी जखमी झालं तरच मैदानात जाणार, तेही बॅट-बॉल न धरता, नुसती फिल्डिंग करायला. मला वाटतं प्रधानसाहेबांचा अंदाज असा होता की दोन-तीन शुक्रवारी बाटल्या वाहिल्या की हा आपणहून येणं बंद करील. मी येत राहिलो. बाकीच्यांच्या आधी येऊन सीमारेषेच्या कडेनं पळायचो. बूट घट्ट बांधून, स्ट्रेचिंग करून, मॅचभर उभा राहायचो. बारावा माणूस खुर्चीत बसतो, मोबाईल बघतो. मी बसलो नाही. कुणी म्हणालं, "बस की रे," तर म्हणायचो, "बसलो की पाय गार पडतात." आणि खोटं सांगत नव्हतो.

आणि गंमत अशी की नुसती फिल्डिंग करायला जाणं, हेच तर माझं काम होतं. आमच्यात दोन भरीव देहाचे, पस्तिशी ओलांडलेले बोलर होते. ऊन चढलं की त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, अगदी खरेखुरे. तारिकभाई अंपायरशी बोलायचे आणि माझ्याकडे बघून हात हलवायचे. "यल्ला, विल्सन." मी आत पळत जायचो. बारावा म्हणून गेलेला मी, पण लाँग-ऑनला, म्हणजे बोलरच्या पाठीमागे सीमारेषेजवळ उभा राहिलो की मुलूख माझा व्हायचा. त्या हंगामात माझ्या नावापुढे ना रन लागली, ना विकेट. झेल घेतले तेही लिहिताना 'बदली खेळाडू' एवढंच लिहीत. माझं नाव नव्हतंच कुठे. पाय मात्र होते.

सेमीफायनल जानेवारीत होती. थंडगार, वाऱ्याची सकाळ. त्या वाऱ्यानं पट्टीवरची धूळ उठून डोंगराकडे चालली होती. समोरच्या टीमला थोड्या रन हव्या होत्या आणि त्यांचा जमलेला बॅट्समन खेळत होता. आमचा एक बोलर लंगडत बाहेर आला आणि मी आत गेलो. तारिकभाईंनी लाँग-ऑनला पाठवलं. मिडविकेटच्या मागे, माझ्यापासून लांब बाजूला, सगळं मोकळं होतं, कारण तिकडे ठेवायला माणूसच उरला नव्हता.

बॅटचा आवाज ऐकला. नीट बसलेला नव्हता, जरा जाड, लाकडाच्या खालच्या भागातून आलेला. बॉल उंच गेला होता, पण लांब जाणार नव्हता. मोकळ्या जागेत पडणार होता. मी बघितलं नाही. मान खाली घालून मिडविकेटच्या बाजूला निघालो.

त्या पळण्याबद्दल मी खूप वेळा विचार केलाय. पायाखाली खडी सरकत होती. कानात वारा भरला होता, त्यामुळे माणसांचे आवाज बंद झाले होते. मांडीमागच्या स्नायूनं एकदा आठवण करून दिली आणि मी त्याला गप्प केलं. मान वळवली तेव्हा बॉल खाली येत होता, पण पुढ्यात, अजून लांब. मी अंग झोकून दिलं. बॉल तळव्यावर बसला. बसला, हे मी शपथेवर सांगतो. त्याची शिवण बोटांना लागली. मग कोपर जमिनीवर आपटलं, हात उघडला, आणि बॉल गडगडत दोन हातांवर जाऊन थांबला.

त्या बॅट्समननं उरलेल्या रन काढल्या. आम्ही हरलो.

तंबूत सगळे बूट काढत बसले होते. प्रधानसाहेब आले. सगळ्यांसमोर, पण आवाज न चढवता म्हणाले, "कॅच सोडलास विल्सन, आणि मॅच गेली."

माझ्या कोपरातून रक्त वाहत होतं आणि त्यावर माती चिकटली होती. मी साधारणपणे उलट बोलणारा माणूस नाही. घरात वडिलांना बोललो नाही, चर्चमध्ये फादरना बोललो नाही. पण तेव्हा उभा राहिलो.

"सुटला, सर. खरंय. पण सुटायला तिथवर पोचावं लागतं. दुसरं कुणी असतं तर तो चौकार गेला असता आणि आपण सगळ्यांनी म्हटलं असतं, काय मारलाय. माझा हात लागला म्हणून ती चूक झाली."

"म्हणजे चूक नाही म्हणतोस?"

"चूक माझीच. पण ती करायला दुसरं कुणी तिकडे येत नव्हतं."

मग तारिकभाई बुटाची नाडी सोडता सोडता, मान वर न करता म्हणाले, "सर, वो कैच था ही नहीं. इसने बनाया."

प्रधानसाहेब गाडीकडे गेले.

मला आयुष्यात मेडलं मिळालीत, राज्याच्या टीमची जर्सी मिळालीय. पण तारिकभाईंच्या त्या वाक्याइतकं मोठं काही मिळालेलं नाही. जो बॉल कुणाचाच नव्हता, जो सगळ्यांनी मनातल्या मनात सोडून दिला होता, त्याचा कॅच बनवणं. मग तो हातात राहो न राहो. हळू माणसाच्या नावावर चुका नसतात. तो इतका मागे असतो की त्याच्यावर ठपका येत नाही. त्याचे हात स्वच्छ, कोपरं शाबूत. ठपका येतो तो जो जाऊन धडकतो त्याच्यावर. ही गोष्ट मैदानापुरती असती तर मी लिहायला बसलोच नसतो.

संध्याकाळी ग्लोरिया चिमट्यानं माझ्या कोपरातली खडी काढत होती.

"साहेबाला सगळ्यांसमोर बोललास."

"हो."

"आपला व्हिसा त्यांच्या हातात आहे. मिशेलची शाळा आहे." तिनं एक खडा काढून बशीत टाकला. "तुला पळायचंय की इथे राहायचंय, ते एकदा ठरव."

"दोन्ही," मी म्हणालो.

"दोन्ही मिळत नसतं."

"बघू."

तिनं पुढचा खडा जरा जोरात काढला.

टीममधून मी गेलो, ते अपेक्षितच होतं. नोकरी राहिली, पण फर्मान आलं की मला आता शुक्रवारी गोदामात ड्यूटी. कंटेनर येतात, माणूस पाहिजे. त्याच्या बदल्यात लवकरच सुपरवायझर करू, असंही कळवलं होतं. समजूतदार माणसानं घ्यावी अशीच ती गोष्ट होती. आमच्या गोदामाचे प्रमुख सालिम म्हणून आहेत, सहम गावचे ओमानी. सकाळी डिशडाशाची, त्या पायघोळ पांढऱ्या झग्याची, घडी मोडू न देता बसतात, पुढ्यात काहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर. भारतीय लोकांत राहून हिंदी छान बोलतात. त्यांनी मला काहवा ओतून दिला.

"जुम्मा को तुम क्या करता?"

"खेलता हूँ."

"टीम तो खलास."

"टीम खलास," मी म्हणालो. "मैं नहीं."

सालिम हसले नाहीत. खजुराची बी काढून बाजूला ठेवली. "सुपरवायझर नहीं बनेगा फिर."

"ठीक है."

"घर में पूछा?"

"पूछा. गुस्सा है."

आता ते हसले. त्यांनी कुणाला काय सांगितलं मला माहीत नाही, पण शुक्रवार माझा राहिला. सुपरवायझर दुसरा झाला. तो आजही माझा सुपरवायझर आहे, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, आणि चांगला मुलगा आहे. ग्लोरियाला तो सौदा तेव्हा पटला नाही, आजही पुरता पटलेला नाही. तिनं तसं खोटं कधी सांगितलं नाही, आणि मीही तिच्याकडून 'तुझं बरोबर होतं' हे ऐकायला बसलेलो नाही.

शुक्रवार मोकळा झाला, पण जायचं कुठे? आमच्या गोदामात क्रेन चालवणारा रोमी नावाचा फिलिपिनो होता. त्यानं विचारलं, "यू प्ले सॉफ्टबॉल?" सीबच्या बाजूला एका वादीच्या, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या काठी ते लोक हिवाळाभर सॉफ्टबॉल खेळतात. बेसबॉलचा धाकटा भाऊच तो, फक्त बॉल मोठा. मी गेलो. कडेला चटया अंथरून बायका भात आणि भाजलेली कोंबडी मांडत होत्या, कुणीतरी गिटार आणली होती. रोमीनं ग्लव्ह फेकला आणि विचारलं, कुठे उभा राहशील. मी बोट दाखवलं आणि चालत निघालो, लांब, मधोमध.

किती वर्षांनी उभा होतो तिथे. पहिला बॉल अॅल्युमिनियमच्या बॅटवरून टणत्कार करत आला आणि माझी पाठ आपोआप फिरली. पोचलो, घेतला, फेकला. डावीकडचा माणूस ओरडून काहीतरी म्हणाला, ते मला कळलं नाही. केळीच्या बागा नव्हत्या, मोगरा नव्हता. तपकिरी डोंगर, एक दोन बाभळी, आणि कुंपणापलीकडे चरणाऱ्या बकऱ्या. तरी माझ्या अंगाला घरी आल्यासारखं वाटलं.

त्याला आता दहा वर्षं होत आली. तारिकभाई लाहोरला परत गेले, ईदला फोन करतात. प्रधानसाहेब दुसऱ्या देशात आहेत. कंपनीची टीम बंद झाली. मी आहे.

गेल्या शुक्रवारी या हंगामाची पहिली मॅच झाली. ग्लोरिया घरी झोपली होती, पण मिशेल आली होती. ती आता माझ्या खांद्याला लागते आणि तिचं मराठी सुट्ट्या पैशांसारखं, मोजून बाहेर पडतं. तिसऱ्या डावात एका नव्या, तगड्या पोरानं माझ्या डोक्यावरून मारला. आवाज ऐकला, वळलो, पळालो. मान वळवली तेव्हा बॉल हातभर पुढे पडून उसळी घेत होता. पूर्वी तो माझा होता. उचलून फेकेपर्यंत पोरगा तिसऱ्या बेसवर पोचला होता.

डाव बदलल्यावर पाणी प्यायला आलो. मिशेल म्हणाली, "डॅडी, तू थोडा लेट होता."

"होतो," मी म्हणालो.

"हर्ट झाला?"

"नाही गं."

पुढच्या डावात तोच पोरगा परत बॅट घेऊन आला. माझ्या डावीकडे जोएल उभा होता, रोमीचा भाचा, बावीस-तेवीस वर्षांचा. त्यानं मला काळजीनं हाक मारली, "कूया," म्हणजे दादा, आणि दोन्ही हातांनी मागे सरकायची खूण केली. बरोबरच होतं त्याचं. सेंटर फिल्डर थकला की आधी मागे सरकतो. मागे उभं राहिलं की डोक्यावरून काही जात नाही, सगळं समोर पडतं, आरामात गोळा करता येतं, आणि हा म्हातारा झाला हे कुणाला कळत नाही. पुढे उभं राहायचं तर पाठीमागची सगळी मोकळी जमीन आपल्या पायांच्या भरवशावर सोडावी लागते.

मी जोएलला हात केला, ऐकलं म्हणून. मग टोपी घट्ट केली आणि पुढे चालत गेलो. मघा उभा होतो त्याच्याही पुढे.